नसा साफ करून मिळणार नाहीत

लसूण, आलं, लिंबू आणि ॲपल व्हिनेगर. प्रत्येकी एक कप रस, मंद आचेवर तासभर आटवून तीन कप करायचा, गार झाला की तेवढाच मध घालायचा आणि रोज सकाळी अनशापोटी तीन चमचे घ्यायचा. महिनाभरात हृदयाच्या नसा साफ, बायपास रद्द. हा मजकूर आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात आता कुणाला वाचून दाखवावा लागत नाही, तो पाठ आहे. हा जिल्हा अकोल्यापासून १९९८ साली वेगळा झाला, पण छातीत दुखलं की आमच्याकडचा माणूस अजूनही अकोल्याची, नाहीतर अमरावती-नागपूरची वाट धरतो. अँजिओग्राफी करून परतला की भेटायला येणारे आधी विचारतात, किती टक्के? आणि मग लगेच काढ्याची कृती. "डाक्टर म्हणते तीन ठिकाणी चोक हाय," असं घरातलं कुणी सांगतं. समोरून उत्तर तयार असतं, "मंग काढा सुरू करा ना बापा. गोळ्या काय जलमभर खायच्या हायेत?"

माझं भांडण लसणाशी नाही. तो रोज फोडणीत पडतो, पडू दे. भांडण आहे ते या कृतीच्या तळाशी असलेल्या समजुतीशी. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या आहेत, वर्षानुवर्षं तेलतुपाचा गाळ बसून त्या अरुंद झाल्या, तेव्हा गाळ सोडवणारं काहीतरी पोटात घ्या म्हणजे नळी मोकळी. ऐकायला इतकं सरळ की पाचवीतल्या पोरालाही पटावं आणि तहसील कचेरीतल्या साहेबालाही. सलाइनमधून 'चिलेशन' देणारे हीच समजूत विकतात, 'नैसर्गिक बायपास' घडवून देणारेही हीच विकतात, आणि खरं सांगायचं तर कित्येक दवाखान्यांच्या भिंतीवरचं चित्रही हेच दाखवतं. म्हणून तिचा समाचार थोडा विस्ताराने घ्यायला हवा. रक्तवाहिनी जिवंत आहे. तिच्या आतलं एका पेशीच्या जाडीचं अस्तर अष्टौप्रहर संदेश घेतं आणि देतं. त्या संदेशांवर ती गर्भात उगवते, त्यांच्याच हुकमावर आयुष्यभर रुंद-अरुंद होत राहते आणि ते बिघडले की आजारी पडते. नळाचं चित्र डोक्यात ठेवून केलेला उपचार इथे चुकतो, मग तो काढा असो की स्टेंट.

आधी त्या गाळाचं बघू. तो नळीच्या पोकळीत बसलेलाच नसतो. तो भिंतीत, अस्तराच्या खाली साठतो. अस्तराच्या पेशी बिघडल्या की एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्यांच्यातून खाली शिरतात, तिथेच अडकतात, त्यांच्यात रासायनिक बदल होतात. मग अस्तर आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करतं आणि वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना थांबवून आत घेतं. त्या पेशी चरबी गिळून फुगतात, मरतात, मरताना आणखी पेशींना हाक देतात. भिंतीतल्या स्नायूपेशी आपली जागा सोडून वर सरकतात आणि या सगळ्यावर तंतूंचं झाकण घालतात. याला गाळ म्हणणं म्हणजे गळवाला मळ म्हणण्यासारखं आहे. रक्तातून वाहत जाणारा कुठलाही रस झाकणाखालचं हे प्रकरण खरवडून नेणार नाही.

टक्क्यांचा हिशेबही असाच फसवा. शिकागोच्या सीमोर ग्लॅगोव्ह यांनी शवविच्छेदनात मिळालेल्या १३६ हृदयांच्या मुख्य डाव्या धमनीचे छेद तपासले आणि १९८७ साली निष्कर्ष मांडला. भिंतीत चरबीचा थर वाढू लागला की धमनी बाहेरच्या बाजूने रुंद होते आणि आतली वाट जवळपास तेवढीच ठेवते. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापली की मग ही सोय संपते आणि पोकळी आकसू लागते. कुठल्या नळाने आत गंज चढला म्हणून स्वतःचा घेर वाढवलाय? ही प्रवाह ओळखून स्वतःला पुन्हा घडवणाऱ्या पेशींची करामत आहे. तिची दुसरी बाजू वाईट आहे. अँजिओग्राफीत दिसते ती पोकळीची सावली, भिंतीत काय चाललंय ते तिच्यात उमटत नाही. बरेच हार्टॲटॅक अशा जागी येतात जिथे आधी फार अरुंदपणा नव्हता; पातळ झाकण फाटतं, खालचा ऐवज रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी होते. तेव्हा '९० टक्के' ऐकून हातपाय गाळणारा आणि '३० टक्केच आहे' म्हणून बिडी पेटवणारा, दोघंही एकाच चित्राने फसलेले आहेत.

आणखी एक खूण. गाळच असता तर तो सगळीकडे सारखा बसला असता, कारण रक्त सगळीकडे तेच आहे. प्रत्यक्षात हा आजार धमनीला फाटे फुटतात तिथे आणि वळणाच्या आतल्या बाजूला जास्त धरतो. सरळ भागात रक्त एका दिशेने, एका लयीत घासत जातं. अस्तराच्या पेशींना तो घास कळतो. दाब ओळखणारी पीझो-१ नावाची प्रथिनं त्यांच्या आवरणात असतात (ती २०१० मध्ये सापडली, आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता). सरळ घास लागला की पेशी शांत राहतात, गुठळी होऊ देत नाहीत, पांढऱ्या पेशींना थारा देत नाहीत. फाट्यापाशी प्रवाह घुटमळतो, मागेपुढे होतो, आणि त्याच पेशी वेगळ्या जनुकांकडे वळतात. म्हणजे कोलेस्टेरॉल सगळ्या धमन्यांतून सारखं फिरतं, पण बिघाड कुठे धरायचा हे पेशीला मिळालेल्या संकेतावर ठरतं.

हे संकेत किती खोलवरचे आहेत ते बघायला गर्भापर्यंत मागे जावं लागतं. खुडूक कोंबडीखालचं अंडं चौथ्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून बघा. आमच्याकडे कोंबड्या पाळणाऱ्या बाया असंच बघून न फळलेली अंडी बाजूला काढतात. फळलेल्या अंड्यात मध्ये एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून चहूकडे पसरलेल्या बारीक लाल रेषा दिसतात. नीट धरलं आणि हात हलला नाही तर ठिपका धडधडताना दिसतो. हृदय दुसऱ्या दिवशीच चालू झालेलं असतं. त्या लाल रेषांचा नकाशा अंड्यात आधीपासून आखलेला नव्हता. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या पेशी एचआयएफ नावाचं प्रथिन टिकवून धरतात (एरवी ते लगेच मोडून टाकलं जातं, ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं) आणि त्याच्या सांगण्यावरून व्हीईजीएफ हा रेणू बाहेर सोडतात. जवळच्या वाहिनीच्या अस्तरातली एक पेशी तो ओळखते, बारीक तंतू पुढे काढते आणि त्या दिशेने सरकू लागते. सरकताना शेजारणीला दुसरा संदेश देते, नॉच नावाच्या वाटेने: पुढे मी चालले, तू मागे राहा आणि वाढत जा. सगळ्याच पुढाऱ्या झाल्या तर वाहिनी तयार होत नाही, नुसता गुंता होतो.

मात्रेचा काटेकोरपणा तर थक्क करणारा आहे. १९९६ साली बेल्जियममधले पीटर कार्मेलीट आणि अमेरिकेतले नेपोलियोने फेरारा यांच्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली. व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत काढून टाकली तरी उंदराचा गर्भ अकराव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास मरतो. दोन्ही काढायची गरजच नाही, निम्मं कमी पडलं की खेळ खलास. फर्डिनांड ल नोबल आणि सहकाऱ्यांचा २००४ चा प्रयोग मला त्याहून आवडतो. कोंबडीच्या गर्भात त्यांनी एका बाजूच्या धमनीतला प्रवाह अडवला. त्या जाळ्यावर धमनी असल्याच्या रासायनिक खुणा उमटू लागल्या होत्या. प्रवाह बदलला तशा त्या पुसल्या गेल्या आणि तीच जागा शीर बनली. धमनी कोण, शीर कोण, हेही पूर्ण ठरलेलं नसतं. वाहणारं रक्त ते सांगतं आणि भिंत ऐकते.

इथे कुणीतरी नक्की विचारणार, हे सगळं बेल्जियम-अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं? तर पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, १९४६ पासून. तिथे सुरेंद्र घासकडबी यांनी वर्षानुवर्षं हायड्रावर काम केलं. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्याच्या डबक्यात पानाला चिकटून राहणारा काही मिलिमीटरचा जीव. त्याला हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिनी तर नाहीच. तरीही २०१३ मध्ये लक्ष्मी-सुरेखा कृष्णपती आणि घासकडबी यांनी हायड्रात व्हीईजीएफ असल्याचं मांडलं, आणि पुढच्या कामात त्याचा संबंध हायड्राचं तोडलेलं डोकं पुन्हा उगवण्याशी लागला. रक्तवाहिन्या पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा संदेश प्राण्यांच्या अंगात होता, वाहिन्यांनी तो पुढे आपल्या कामाला लावला. ज्या यंत्रणेला एवढा जुना इतिहास आहे तिला चार जिन्नसांचा रस 'साफ' करतो म्हणणाऱ्याने निदान कुठला संदेश, कुठल्या पेशीवर, किती मात्रेत, एवढं तरी सांगावं.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा घेतो. काढा घेतल्यावर पुष्कळांना खरंच बरं वाटतं. ते खोटं बोलत नाहीत. त्यातला काही भाग मनाचा असेल, काही भाग त्यासोबत सोडलेल्या तळणाचा आणि तंबाखूचा. पण लसणालाही त्याचं श्रेय द्यायला मी तयार आहे. २००७ मधल्या एका अभ्यासात दिसलं की लसणातल्या गंधकाच्या संयुगांपासून आपल्या तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि तो वायू वाहिनीच्या स्नायूला सैल पडण्याचा इशारा देतो. म्हणजे लसूण काही करत असेल तर तो संदेश देतो, गाळ काढत नाही! त्याच वर्षी छापून आलेल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत १९२ माणसांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या देऊन पाहिलं होतं. एलडीएल कोलेस्टेरॉल हललं नाही. तेव्हा ज्या कारणासाठी काढा विकला जातो ते कारण तर उभंच राहत नाही, आणि जे थोडं खरं आहे ते विकणाऱ्यांना माहीत नाही.

वाहिनी सैल पाडणारा इशारा आपल्या घरोघर आहेच. सॉर्बिट्रेटची गोळी कुणाला माहीत नाही? जिभेखाली ठेवली की दोन-चार मिनिटांत छातीतला दाब उतरतो. तेवढ्या वेळात कुठला गाळ विरघळला? काहीच नाही. गोळीतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, भिंतीतला स्नायू सैल पडतो, हृदयावरचा भार कमी होतो. हा वायू आपलं अस्तर स्वतःही तयार करत असतं, हे कळलं ते रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगातून. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलिन टाकलं की त्या कधी सैल पडायच्या, कधी आवळायच्या. घोळ कुठे होता? पट्टी कापताना आतला पृष्ठभाग घासला गेला की ती सैल पडतच नसे. पेशींचा तो एक पापुद्रा शाबूत असेल तरच स्नायूला निरोप पोचतो. १९८० साली हे छापून आलं, पुढे निरोप्या ओळखला गेला आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. तंबाखूचा धूर, साखर, वाढलेलं प्रेशर हे सगळे आधी या पापुद्र्याची वायू बनवण्याची ताकद मारतात. गाळ पुष्कळ नंतर येतो. बिडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांची पायाची बोटं काळी पडून कापावी लागतात तो बर्जरचा आजार तर कोलेस्टेरॉलच्या गाळाशिवायच होतो. आणि जाता जाता एक धोक्याची सूचना: 'ताकदीच्या' गोळ्या-चूर्णांतलं सिल्डेनाफिल याच संदेशाच्या पुढच्या टप्प्यावर काम करतं. ते घेतलेल्या माणसाने वर सॉर्बिट्रेट घेतली तर प्रेशर इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. हे औषध बेनामी पुड्यांत न सांगता मिसळलेलं असतं, म्हणून लाज सोडून डॉक्टरला सांगावं.

मग थर कधीच कमी होत नाही का? होतो, आणि किती होतो तेही मोजलेलं आहे. २००६ साली आलेल्या एका अभ्यासात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गोळीची ४० मिलिग्रॅमची, म्हणजे सर्वांत मोठी मात्रा रोज, दोन वर्षं दिली आणि धमनीच्या आत अल्ट्रासाउंडची नळी घालून थर मोजला. भिंतीतलं थराचं प्रमाण सरासरी एका टक्क्याच्या आसपास उतरलं. दोन वर्षांत एक टक्का! तरीही स्टॅटिनने मृत्यू टळतात, कारण झाकण जाड होतं, भिंतीतली जळजळ शमते, फाटण्याची शक्यता घटते. 'महिन्यात ९० टक्के साफ' म्हणणाऱ्याच्या तोंडावर हा एक टक्का मारावा.

चिलेशनवाल्यांचा युक्तिवाद जरा शास्त्रीय थाटाचा असतो. थरात कॅल्शियम असतं, ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ते शिरेतून द्यायचं. पैसे चांगले लागतात. अमेरिकेत सरकारी पैशातून याची नीट चाचणी झाली. २०१३ मध्ये १,७०८ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत थोडा फायदा दिसला, विशेषतः मधुमेहींमध्ये. हे मी लपवत नाही, कारण चिलेशनवाले तेवढाच कागद दाखवतात. म्हणून फक्त मधुमेह असलेल्या आणि हार्टॲटॅक येऊन गेलेल्या १,००० जणांवर दुसरी चाचणी केली गेली, तिचा निकाल २०२४ मध्ये आला. रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी उतरलं. हार्टॲटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फरक पडला नाही. धातू काढायचं काम औषधाने चोख केलं, पण आजार जिथे आहे तिथे तो तसाच राहिला. हा दुसरा कागद मागून बघा.

'नैसर्गिक बायपास' हा प्रकार अर्ध्या सत्यावर उभा आहे. वाट अरुंद झाली की आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन काही प्रमाणात पर्यायी वाट तयार होते हे खरं आहे, आणि नियमित चालण्याने त्याला मदतही होते. पण यावरून 'आम्ही नव्या नसा उगवून देतो' असं कसं निघतं? खुद्द व्हीईजीएफ हृदयाच्या धमनीत आणि नंतर शिरेतून देऊन पाहिलं गेलं. १७८ रुग्णांची ती चाचणी २००३ मध्ये छापली गेली. साठ दिवसांनी औषध मिळालेले आणि नुसतं पाणी मिळालेले, दोन्ही गट सारखेच सुधारले होते. जगातला सर्वांत नेमका संदेशवाहक हाती असून जमलं नाही, कारण संदेश कुठे, केव्हा, किती वेळ आणि कुणाबरोबर मिळाला यावर सगळं असतं. नॉचची वाट अडवली की उंदराच्या गाठींमध्ये वाहिन्या भराभर वाढतात आणि रक्त मात्र आधीपेक्षा कमी पोचतं, हेही दिसलेलं आहे. नसा उगवल्या, कामाच्या नाहीत. शिवाय मधुमेही माणसाच्या डोळ्यात हेच व्हीईजीएफ जास्त झाल्याने पडद्यावर नाजूक वाहिन्या फुटतात, पाझरतात आणि नजर जाते. त्याला डोळ्यात इंजेक्शन देतात ते व्हीईजीएफ दाबण्यासाठी. एकाच माणसाच्या हृदयाला नव्या वाहिन्या हव्यात आणि डोळ्याला नकोत. अंगभर 'नवीन नसा' वाढवणारी पुडी खरंच कुणी काढली, तर ती आधी मधुमेह्यांना आंधळं करील.

इथवर काढेवाल्यांना झोडपलं म्हणून डॉक्टरमंडळींनी खूश होऊ नये. "नसा ब्लॉक आहेत, स्टेंट टाकून मोकळ्या करू" हे वाक्य कुणाचं आहे? २००७ मध्ये २,२८७ रुग्णांच्या आणि २०२० मध्ये ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांच्या चाचण्यांनी दाखवलं की चालताना छाती भरून येणाऱ्या, पण स्थिर असलेल्या रुग्णात औषधांवर स्टेंट किंवा बायपासची भर घातल्याने मृत्यू कमी होत नाहीत. दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं, ते मोलाचं आहेच. मुख्य डाव्या धमनीचा आजार किंवा कमकुवत झालेलं हृदय ही वेगळी गोष्ट, तिथे बायपासने आयुष्य वाढतं. पण 'नळी उघडली, धोका टळला' हे गणित सरसकट लागू नाही, कारण आजार सगळ्या धमन्यांच्या भिंतींत असतो आणि स्टेंट बसतो दीड-दोन सेंटिमीटरवर.

खुद्द स्टेंटलाही हा धडा महागात पडला. सुरुवातीचे साध्या धातूचे स्टेंट पुष्कळांत काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायचे. गाळ बसला म्हणून नव्हे. भिंतीला इजा झाल्याचा संदेश मिळून स्नायूपेशी वाढत सुटायच्या. उपाय मिळाला तो ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून काढलेल्या सिरोलिमसमध्ये. ते पेशीच्या आतला वाढीचा संदेश अडवतं. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत एदुआर्दो सौझा यांनी हे औषध लावलेला पहिला स्टेंट माणसात बसवला. पण जे औषध स्नायूपेशींना थांबवतं ते अस्तरालाही थांबवतं. उघड्या धातूवर पापुद्रा चढायला उशीर लागतो आणि तोवर गुठळी होण्याची भीती असते. म्हणून तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा सहा महिने ते वर्षभर, चुकवायच्या नाहीत. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, ते फार चांगलं झालं. पण सोयाबीनचे पैसे आले नाहीत म्हणून, किंवा 'नळी तर मोकळी झाली, आता काढा पुरे' म्हणून त्या गोळ्या कोणी बंद केल्या तर स्टेंट रातोरात बंद पडू शकतो. काढ्याने नुकसान तर काही नाही ना, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. चमच्यातल्या रसाने फारसं नाही, त्याच्यापायी बंद झालेल्या गोळ्यांनी होतं.

हृदय सोडून विदर्भातलाच दुसरा आजार घ्या. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिलं, तेव्हापासून आपल्या भागात हा आजार नोंदलेला आहे. आश्रमशाळेपासून आरोग्य शिबिरापर्यंत तो एकाच पद्धतीने समजावला जातो: पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक नळीत अडकतात. हे चूक नाही, अपुरं आहे. तांबड्या पेशी फुटून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. वाहिनीला सैल पडण्याचा निरोपच मिळत नाही. शिवाय चिडलेलं अस्तर पी-सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू वर काढतं आणि पेशी त्याला चिकटतात. त्या पी-सिलेक्टिनला अडवणारं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, पुढच्या मोठ्या चाचणीत टिकलं नाही, आणि युरोपने २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली. म्हणजे संदेश कळला की औषध हमखास सापडतं असंही नाही. पण अंग दुखायला लागलेल्या पोरीला पाणी भरपूर पाज, थंडीत भिजू देऊ नको, ताप अंगावर काढू नको, हायड्रॉक्सियुरियाचं औषध चुकवू नको, हे सगळं का, याचं धड उत्तर अडकलेल्या नळीत मिळत नाही.

"मानोऱ्यातल्या माणसाला एवढं कशाला सांगता, त्याला झेपणार आहे का?" असं मला शिकलेली माणसंच विचारतात. हा प्रश्न मला काढ्यापेक्षा जास्त झोंबतो. मानोऱ्यातला माणूस सिद्धान्ताशिवाय जगत नाही. त्याच्याकडे सिद्धान्त आहे, नळाचा, आणि त्याच्यावर तो रोज औषधाचे निर्णय घेतो, पैसे घालतो, गोळ्या सोडतो. चुकीचा सिद्धान्त झेपतो तर बरोबरचाही झेपेल. बीटी कपाशीतल्या जनुकाबद्दल पाराशी बसून बोलणाऱ्या गावाला अस्तराची एक पेशी समजणार नाही हे मी मानत नाही.

नळाचं चित्र खरं ठरतं ते एकाच वेळी, हार्टॲटॅकमध्ये. तेव्हा गुठळीने वाट खरोखर बंद झालेली असते, आणि ती उघडणं एवढंच तातडीचं काम असतं. अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासा-दोन तासांत मिळालं तर सर्वांत जास्त उपयोगी, बारा तासांनंतर फारसा नाही. पोहरादेवी-उमरीकडच्या एखाद्या तांड्यावर रात्री कुणाच्या छातीवर दगड ठेवल्यागत झालं, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघेपर्यंत वेळ जाणारच आहे. आणि बाराही महिने नसा साफ करायला सांगणारे नेमके त्या रात्री म्हणतात, गॅस असेल, आल्याचा रस द्या, सकाळी बघू.